जर्मन हॉटेलात चपला काढल्या

पुणे, ता. ९ डिसेंबर १९९८

सौ. द्वारकाबाईस आशीर्वाद. मी बरा आहे. खोकला थोडा आहे, पण तू काळजी करू नको. उसाला तोड मिळाली का? तुझे गुडघे कसे आहेत?

काल आपल्या दिगंबरच्या कंपनीतल्या जर्मन साहेबाने आम्हाला इथल्या नव्या जर्मन हॉटेलात जेवायला नेले. दिगंबरला सहा महिने जर्मनीला पाठवायचे की नाही, हे त्या साहेबाच्याच हातात आहे. म्हणून पोराने मला आधीच बजावले होते, "दादा, तिथं गुमान बसा."

उकडलेले बटाटे, आंबट कोबी आणि पाव समोर आला, तशा मी चपला काढून भिंतीकडे ठेवल्या. वाढणारा धावतच आला.

दिगंबर कानात म्हणाला, "दादा, जल्दी चपला घाला. सगळे बघून राह्यलेत."

"बघू दे. अन्नापुढं चपला घालून आपण कधी बसलोत का? मी न्हाई घालणार."

अनवाणीच जेवलो. साहेबाने माझ्या चपलांकडे बोट करून काहीतरी विचारले, दिगंबरने खाली मान घालून सांगितले. मला अक्षर कळले नाही.

घरी आल्यावर सूनबाई म्हणाली, "दादांनी जर्मनी बुडवली." पण मी चूक कबूल केली नाही.

आज कामावरून आल्यावर दिगंबर म्हणाला, "साहेब रविवारी आपल्याकडं जेवायला येतो म्हणतोय."

मी सांगितले, "येऊ दे. पण बूट दाराबाहेर."

घरी सगळ्यांची विचारपूस केल्याचे सांग. जर्मनीचे अजून ठरलेले नाही. व्हायचे ते होवो, बूट मात्र मी काढायलाच लावीन.

भुजंग