पट्टा बांधल्यावर बोलायचं नाही

बंटी,

तू झोपलेलास, म्हणून उठवलं नाही. नसा तपासायला ठाण्याला चाललेय. प्रेशरने त्या गॅसच्या जुन्या नळीसारख्या कडक झाल्यात, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आमटी अळणी आहे. मीठ वरून घे, नाक मुरडू नकोस.

मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, "घरी मशीनचा पट्टा दंडाला बांधल्यावर बोलत नाही ना तुम्ही? बोललं की प्रेशर जास्त दिसतं." म्हटलं, आमच्या घरात हा नियम दिवसभर पाळतात. त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

एका हाताने पट्टा नीट बसत नाही रे. संध्याकाळी तू बांध, आणि बोल काहीतरी. आकडा वर गेला तरी चालेल.

आई