आठवा बोल्ट

प्रिय ताई,

तुझ्या एका ओळीचं उत्तर द्यायला मला एकवीस दिवस लागले. वही आज तिसऱ्यांदा उघडतोय. पहिल्या वेळी पेन चाललं नाही. दुसऱ्या वेळी माळशेजकडे निघालेल्या एका टेम्पोवाल्याने हात केला, मी चढलो आणि दोन दिवस तिकडेच राहिलो. तिकडे मुंबईची माणसं दरीकडे पाठ करून दरीचे फोटो काढतात. असो. फोनवर तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. डोळखांबच्या तुझ्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात रेंज नसते, आणि असली तरी तुझं म्हणणं एकच, दीपेश, फोनवर तू हो ला हो करतोस, कागदावर लिही, कागदावर तुला खोटं लिहायचा कंटाळा येतो. खरं आहे ते. मला खरं लिहायचाही कंटाळाच येतो.

तुझी ओळ अशी होती: त्यांच्या तोंडून एकदा तरी 'माझं चुकलं' निघतं का बघ, निघालं असेल तर मी येते, नसेल तर सामान न्यायला माणूस पाठवते. त्यासाठी तू मला टोकावड्याला धाडलंस. नाशिकला द्राक्षाच्या बागेत मी बरा होतो. बरा म्हणजे, सोडणारच होतो.

तर तुझे दाजी. म्हणजे माझे दाजी, तुझे ते. माणूस होता तसाच आहे. फाट्यावर चार पत्रे ठोकून त्याला गॅरेज म्हणतात, आणि वर पाटी, 'सर्व गाड्यांची कामे खात्रीने'. कोणतीही गाडी आली की स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावतात, डोळे मिटतात, वैद्यासारखी मान हलवतात आणि म्हणतात, "व्हॉल्व". आजवर दुसरं काही निघालेलं नाही. गेल्या आठवड्यात एक पोरगी सायकल घेऊन आली, तेवढ्यापुरते मात्र ते बरोबर निघाले, ट्यूबचा व्हॉल्वच गेला होता. जेवताना घास तोंडात ठेवून ते मला मायलेज शिकवतात. मी कसाऱ्याला हायवेवरच्या गॅरेजात तीन महिने काढलेत हे सांगितलं, तर म्हणाले, "तीन महिन्यांत तर बोकड पण कापायचा होत नाय." पुढे म्हणाले, "दहावीला बसलास तेव्हा पेपर सोडून आलास, तू मला इंजिन सांगू नको रे." शेजारच्या ढाब्यावरचे दोघे दात काढून हसले. मी पण हसलो. नंतर त्यांच्या चहाच्या कपात मी काय टाकायचं ठरवलं होतं ते तुला लिहीत नाही, टाकलं नाही ते.

अंगणवाडीच्या तुझ्या अर्जाचं एकदा काढलं मी. दाजींनी मुरबाडला नेऊन द्यायचा तो लिफाफा शेवटची तारीख उलटून महिना झाल्यावर तुला जीपच्या डॅशबोर्डात सापडला होता, फडक्याखाली, आणि तू घर सोडलंस. त्यावर दाजी मला म्हणतात, "ऑफिस बंद होतं." मी विचारलं, रोज? तर म्हणाले, "तुझ्या ताईने आधी द्यायला पायजे होता." बघ. अशा माणसाकडून तू दोन शब्द मागतेस. मला वाटलं, चार दिवसांत 'नाही' लिहून मोकळा होईन आणि निघेन.

तेवढ्यात नवसूकाकांची जीप आली. तेच नवसूकाका, टोकावडे-मुरबाड सवारी मारतात, तुझ्या लग्नात वऱ्हाड त्यांच्याच टपावर होतं. घाटाखालीच जीप काळा धूर ओकून थांबली होती, गॅरेजपर्यंत ढकलत आणली. दाजींनी डोळे मिटले, व्हॉल्व म्हणाले आणि इंजिन खाली उतरवायचं ठरलं. भातकापणी संपलेली, लग्नाच्या सवाऱ्या तोंडावर आलेल्या. काका रोज सकाळी येऊन टायरवर बसायचे, जसं घरात कोणी आजारी आहे.

ताई, तुला यातलं कळत नाही म्हणून सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स तोंडाला तोंड लावून बसलेले असतात. गिअरबॉक्सचं पुढचं तोंड घंटेसारखं असतं, त्याला हौसिंग म्हणतात, आणि ते कडेने गोल लावलेल्या आठ बोल्टांनी इंजिनाला आवळलेलं असतं. गिअरबॉक्समधला एक शाफ्ट, म्हणजे दांडा, थेट इंजिनाच्या क्लचमध्ये घुसलेला असतो. सगळे बोल्ट काढायचे, गिअरबॉक्सला खालून जॅक द्यायचा, इंजिन साखळीवर तोलायचं आणि सरळ पुढे ओढायचं. सरळ. वाकडं केलं तर सगळा भार त्या शाफ्टवर येतो. आणि सुटत नसेल तर जोर करायचा नाही, थांबून बोट फिरवायचं, कुठेतरी एखादा बोल्ट राहिलेला असतो. हे मला कसाऱ्याला एका म्हाताऱ्या सरदारजीने शिकवलं, कानाखाली देऊन.

वरचे बोल्ट दाजी काढणार, खालचे मी. मी गोणपाटावर उताणा, तोंडात माती. सात बोल्ट पत्र्याच्या डब्यात पडले. आठवा अगदी माथ्यावर, केबिनच्या पत्र्याला चिकटून, त्याच्यावर ग्रीस आणि चिखलाचा असा थर की वरून कोणाला दिसणार नाही. खालून हात घालताना तो माझ्या बोटाला लागला. दाजींनी विचारलं, "खालून सगळे सुटले?" मी म्हणालो, "खालचे सगळे सुटले."

एवढंच म्हणालो. शब्द मोजून म्हणालो. तोंडावर हसू होतं, जीपखाली कोणाला दिसत नाही. मनात म्हटलं, बघू आता दहावी पास माणूस काय करतो. दाजींनी साखळी ताणली. हलेना. ढाब्यावरच्या दोघांना बोलावलं, हलेना. मग त्यांनी पहार आणली आणि फटीत घातली. तेव्हाही वेळ होता. मी गोणपाट झटकत उभा राहिलो. कच्चा नारळ फुटावा तसा आवाज आला आणि हौसिंगचा वरचा कान, म्हणजे बोल्ट बसतो ती कड, तुटून इंजिनाबरोबर लोंबायला लागला, बोल्टासकट.

नवसूकाका टायरवरून उठले. माझ्याकडे बोट दाखवत ते दाजींना म्हणाले, "साईनाथ, ह्या भटक्याला माझ्या गाडीला हात लावू दिलास कशाला?" मी तयार होतो. माझं उत्तर जिभेवर होतं, की वरचे बोल्ट माझे नव्हते. आणि दाजी, तोच माणूस ज्याला मुरबाडचं ऑफिस महिनाभर बंद दिसलं, त्यांनी पहार खाली ठेवली आणि म्हणाले, "काका, पोराचं काय नाय. वरचा बोल्ट मी बघितलाच नाय. माझं चुकलं." नंतर हात पुसत बसले, बराच वेळ, स्वच्छ झाल्यावरही.

ऐकलंस ना? तू मागितलेले शब्द, जसेच्या तसे, चार माणसांसमोर. मला त्या क्षणी त्यांचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. मी म्हणायला पाहिजे होतं ते त्यांनी माझ्यासमोर उचललं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने ते दुसरं हौसिंग शोधायला भिवंडीच्या भंगारात गेले, परवा खांद्यावर घेऊन आले, शर्टाला भोक पाडून. मला एका शब्दाने विचारलं नाही. आल्या आल्या मात्र सांगितलं की भंगारवाल्याला व्हॉल्वमधलं काही कळत नाही.

आता कळलं तुला, एकवीस दिवस का लागले? 'निघालं' लिहिलं तर तू येशील, आणि ज्या चुकीवर येशील तिचा अर्धा भाग माझा आहे. त्यांना बोल्ट दिसला नाही. मला सापडला होता, आणि मी मजा बघत गप्प बसलो. 'नाही' लिहिलं तर त्या माणसाने आयुष्यात एकदा तोंड उघडलं तेही मी चोरलं. म्हणून सगळं लिहितोय. दाजी मला आजही आवडत नाहीत, घास तोंडात ठेवून बोलतात. पण तू ठरवायचं ते माझ्या गप्प बसण्यावर ठरवू नकोस. त्यांनाही मी आज जेवताना सांगणार आहे, असं तीन जेवणं ठरवतोय. पाकीट आणलंय, तिकीट चिकटवलंय, दुपारच्या गाडीने डोळखांबकडे...

थांब. बाहेर मोटारसायकल थांबली. पुढे नवसूकाका, मागे तू, मांडीवर पिशवी. तुला कोणी बोलावलं? काका तिकडूनच ओरडतायत, "साईनाथ, बघ कोणाला आणली, मी सांगितलं तिला, कसा बोललास ते." दाजी जीपखालून निघतायत, तोंडाला काळं. तू अजून रस्त्यापलीकडे आहेस, ट्रक जाऊ देतेस. तिकीट वाया गेलं. तू शेडमध्ये पाय ठेवायच्या आधी हा कागद तुझ्या हातात द्यायचाय, आणि त्यांच्यासमोर द्यायचाय. येतो.

तुझाच,
दीपेश