चिकाच्या बारा बाटल्या

चौसाळा
१२ एप्रिल २०१९

ती. शिवकन्याताईस,
गहिनीनाथचा वाकून नमस्कार.

तू आणि दाजी खुशाल असाल, दाजींचा गुडघा पुण्याच्या डॉक्टरांच्या हाताखाली सुधारला असेल. इकडं ऊन लई. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. फोनवरच सांगणार होतो, पण तीनदा नंबर लावला आणि तिन्ही वेळा तो खरंच लागला, म्हणून घाबरून ठेवला. म्हणून पत्र.

फेब्रुवारीत तू इथल्या चारा छावणीतल्या व्यालेल्या गायींचा पहिल्या दिवसाचा चीक मागितला होतास. त्यात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन असतं, ते वासराला रोगांपासून जपतं, आणि वाळका ऊस खाऊन जगणाऱ्या गायीत ते कमी होतं का, हे तुला बघायचं होतं. (हे मी दूध संस्थेच्या बैठकीत इतक्या वेळा सांगितलं, की लोक मला सचिव न म्हणता डॉक्टर म्हणू लागले. मीही अडवलं नाही.) बारा गायींचा बारा बाटल्या चीक मी खरोखर गोळा केला. आपल्या फ्रीजमध्ये ठेवला. त्याच दिवशी संस्थेचे चेअरमन अर्जुनराव घरी आले. तुझ्या भावजयीला, सरूला, बाटल्या कसल्या ते ठाऊक नव्हतं, तिनं वेलदोडा घालून खरवस केला. चेअरमननी दोनदा मागून घेतला.

मग मी काय केलं, ते आता लिहितो. संस्थेच्या बारा कॅनमधून बारा बाटल्या साधं दूध भरलं. चीक पिवळा असतो म्हणून चिमूटभर हळद टाकली. रंग जरा जास्तच वाटतो असं तू म्हणालीस, तेव्हा मी 'चाऱ्यामुळं असेल' म्हणालो. ताई, तो चारा नव्हता.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला, की प्रथिन फारच कमी निघालं, दुष्काळानं वासरांचं कवच काढून घेतलं, आता तू हे परिषदेत वाचणार. तुझा आवाज इतका आनंदी होता, की मी अभिनंदन केलं. वर छावणीत जाऊन ही बातमीही सांगितली. तिथं गाय बांधलेल्या बंकटनं ती मनावर घेतली. परवा त्याची गाय व्याली, त्यानं चीक पिळून कुत्र्याला घातला आणि वासराला पाकिटातलं दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी वासराला हगवण लागली, मान उचलेना. गुरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. शेजारच्या दावणीच्या वच्छलाबाई आपल्या ताज्या व्यालेल्या गायीचा चीक तांब्यात घेऊन आल्या आणि बोटानं त्याला चाटवत बसल्या.

मला म्हणाल्या, "चिकात दम न्हाई म्हून तुमच्या बहिणीनं खरंच लिव्हलंय का?"

मी म्हणालो, "हाव."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "मंग तिनं आमच्या गायीचा चीक बघितलेला न्हाई."

संध्याकाळी वासरू उभं राहिलं. बंकट त्यांच्या पाया पडला, आणि मी डेअरीत येऊन दार लावून बसलो. ताई, तो निबंध वाचू नकोस. तुला चारचौघांत खाली बघायला लागू नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

तुझा लहान भाऊ,
गहिनीनाथ

ता. क. सरूला सगळं ठाऊक होतं. "ह्या ताईंच्या बाटल्या हायत, मी हात लावनार न्हाई," असं ती दोनदा म्हणाली. खरवस करायला मीच लावला. चेअरमननी एकच वडी खाल्ली, त्यांना शुगर आहे. बाकीचा मी खाल्ला.

दुसरा ता. क. वच्छलाबाईंना आज सकाळी खरं सांगितलं. त्या पाठ फिरवून गायीला चारा टाकायला गेल्या. त्यांची दुसरी गाय पुढल्या महिन्यात विणार आहे. मी मागितला तर त्या चीक देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तूच येऊन माग. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण जेवून जा.