तुंगुलचा बँड आणि माझी शेंगदाण्याची चटणी

सालातिगा, शुक्रवार

तीर्थरूप म्बाक सुमारसिह हिला धाकट्या बहिणीचा, पार्तिनीचा, सलाम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. गुडघे अजून दुखतात म्हणतेस, तर आल्याचा शेक सोडू नकोस आणि जिना चढणं सोड. मास हार्योनो भावोजींची साखर आटोक्यात आहे हे वाचून बरं वाटलं. माझं म्हणशील तर कान सोडून सगळं ठीक. (फोनच केला असता, पण तुंगुल दिवसभर घरात असतो आणि हल्ली इथे पलीकडच्या खोलीतलंही सगळं ऐकू येतं.)

मास हार्योनोंनी तुंगुलला सेमारांगला त्यांच्या फर्निचरच्या कारखान्यात, ऑफिसात जागा देऊ केली, हे त्यांचे उपकारच. सोमवारपर्यंत कळवायचंय. पोराला विचारलं तर म्हणतो, "बू, तू म्हणशील तसं." म्हणजे बँड ठेवायचा की मोडायचा हे आता माझ्या गळ्यात. तुला ईदच्या गर्दीत तुकड्यातुकड्यांनी जे कळलं तेवढंच ठाऊक, म्हणून सगळं एकदा नीट सांगते. मग तूच म्हण की या बाईने बारा वर्षं कशी काढली.

सुरुवातीला शाळेतली तीन मुलं होती. तुंगुल गिटारवर, केलिक ड्रमवर आणि ओरडायला गांदुंग. हो, गाणं नव्हतंच, नुसतं ओरडणं. गाणी तीन-तीन मिनिटांची, ती एक बरी गोष्ट होती. बँडचं नाव त्यांनी असल्या अक्षरांत काढलं होतं की गल्लीचे प्रमुख पाक मुजियोनो मला म्हणाले, मुलाने बोराटीचं चित्र छान काढलंय. मी हो म्हटलं. काय करणार? मागची खोली हे गेल्यापासून रिकामी होती, तिथे सामान लागलं. पाक मुजियोनोंनी एकच अट घातली, अजान सुरू झाली की सगळं बंद. ती अट मुलांनी आजवर मोडली नाही, हे मात्र मी कुठेही सांगेन.

मग मुलं शहाणी व्हायला लागली आणि माझे हाल वाढले. ओरडणं कमी झालं, पण गाणी लांबली. आठ मिनिटं, बारा मिनिटं, मग एकोणीस. का रे बाबांनो, म्हटलं, तर म्हणे आता आम्ही पुढचा विचार करणारं संगीत करतो. त्यात चार मात्रा चालत नाहीत, सात लागतात. कधी अकरा. (मला काय कळतंय? पण सात मात्रांत कांदा चिरायला लागले तेव्हा माझी मला भीती वाटली.) पाक मुजियोनोंच्या नातवाची सुंता झाली तेव्हा गल्लीच्या रीतीप्रमाणे प्रत्येक घराने कार्याला हातभार लावायचा होता. मी भात शिजवायला गेले, आणि तुंगुल म्हणाला आम्ही वाजवतो. लोकांनी फर्माईश केली डांगडुटची, नाचायला. मुलांनी वाजवलंही, पण आपल्या सात मात्रांत. म्हातारेकोतारे हौसेने उठले, आणि दर वेळी एक पाय उरायला लागला. पाक मुजियोनोंचे थोरले मेव्हणे तो उरलेला पाय कुठे ठेवावा या विचारात थेट केळीच्या पानांवर बसले. कोणी रागावलं नाही, पण पुढच्या कार्याला मला एकटीलाच बोलावणं आलं.

आता त्या एकोणीस मिनिटांच्या गाण्याचं ऐक. कुठल्या कंपनीच्या दारात जायचं नाही, आपलं आपणच करायचं, हा त्यांचा बाणा. मागच्याच खोलीत गाद्या लावून रेकॉर्डिंग केलं, कॅसेटच्या डब्या स्वतः चिकटवल्या. (माझ्या दोन चांगल्या गाद्या त्यात गेल्या.) त्या गाण्याच्या मध्यावर चार मिनिटं काहीच नाही. पूर्ण शांतता. जर्मनीतल्या कोणा गृहस्थाने लिहिलं की एवढं धाडस गेल्या दहा वर्षांत कोणी केलं नाही. धाडस कसलं आलंय? मुलं तीनला आठ मिनिटं कमी असताना सुरू करायची, तीनला असरची अजान व्हायची, आणि ही हात बांधून बसायची. रोज तसंच वाजवून गाणं तसंच बसलं.

योग्यकार्ताच्या मोठ्या कार्यक्रमात सकाळी अकराला यांची पाळी. पहिला भाग झोकात झाला, शांतता आली, आणि पुढे सुरूच होईना. तिघं एकमेकांकडे बघतायत. समोर दोन हजार माणसं माना खाली घालून उभी, त्यांना वाटलं यात काही खोल अर्थ आहे. अकरा मिनिटांनी पुढचा बँड सामान घेऊन चढला, तेव्हा हे उतरले. घरी येऊन तिघं तीन दिवस डोकं धरून बसले. मग एका दुपारी अजान संपली, मी स्वयंपाकघरात बत्त्याला चिकटलेली चटणी नेहमीसारखी खलाच्या काठावर दोनदा ठोकून पाडली, आणि पलीकडे तिघं एकदम, एका ठोक्यावर, सुरू झाले. इतकी वर्षं माझ्या वारुंगच्या, या टीचभर खाणावळीच्या, चटणीवर हे गाणं उचलत होते, आणि ना त्यांना पत्ता ना मला.

पुढचं तुला कळलंच असेल. सोलोच्या कार्यक्रमात मला खलबत्त्यासकट स्टेजवर बसवलं. दगडी खल मांडीवर घेऊन बारा मिनिटं बसायचं, दोनदा ठोकायचं आणि मान लववायची. काळे कपडे घातलेली, हातभर केसांची पोरं येऊन माझा हात कपाळाला लावत होती. एकीने विचारलं, बू, चटणीत साखर किती घालता? कंबर चार दिवस धरली होती. घरी येऊन मी तुंगुलला जे बोलायचं ते बोलले. दमले म्हटलं, माझं वय झालं, मला या घरात एक दिवस तरी शांतता दे. तू असतीस तर तूही हेच म्हटलं असतंस.

तेव्हा एकंदरीत नोकरी चांगली, मास हार्योनोंसारखा माणूस वर, आणि मुलगा सव्वीस वर्षांचा. मला नाही म्हणायला काही कारण दिसत नाही. घरच्या सगळ्यांना आशीर्वाद, मास हार्योनोंना नमस्कार.

तुझी,
पार्तिनी

ता. क. हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर शेंगदाण्याच्या चटणीच्या दोन बरण्या पाठवल्या आहेत. लाल झाकणाची तिखट, ती मास हार्योनोंची. तुझी कमी तिखट.

ता. क. २. म्बाक, वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण एक राहिलं. सोलोहून आल्यावर मी जे बोलले ते त्याने खरं धरलं. दुसऱ्या दिवशी तारा गुंडाळल्या, गिटार पुसून कपाटात ठेवली, केलिक आणि गांदुंगला येऊ नका म्हणून कळवलं. मला म्हणाला, "बू, तू दमलीस. माझंच लक्ष नव्हतं." आवाजात राग नव्हता गं, तेच वाईट. आज नऊ दिवस झाले. तीनची अजान होते, संपते, मी बत्ता ठोकते आणि पलीकडे काही नाही. मला चटणी वाटवत नाही. जेवताना त्याची बोटं ताटाच्या काठावर चालू असतात, मी बघितलं की थांबतात. माझ्यासाठी सोडतोय. आणि आता 'नको रे सोडूस' म्हणायला माझं तोंड उघडत नाही, कारण बारा वर्षं हेच तोंड उलटं बोलत होतं.

म्हणून मास हार्योनोंना सांग, सोमवारच्या आत कळवा की जागा भरली. त्यांना खोटं बोलणं जमत नाही, तेव्हा तूच बोल. तुंगुलने विचारलं तर सांग, तुझ्या आईने खूप गळ घातली होती, पण इलाज नाही. इकडे मी त्याच्यासमोर दोन दिवस नशिबाला बोल लावीन आणि तिसऱ्या दिवशी म्हणेन, आता काय, वाजव बाबा, निदान खोलीत धूळ तरी बसणार नाही. कुरकुर मी चालूच ठेवीन, त्याची काळजी करू नकोस.