अण्णांचा नियम

प्रिय वृषभ,

तू बेंगळुरूला पोहोचल्याचा मेसेज मिळाला. इकडे भेटायला येणाऱ्यांची वर्दळ आता कमी झाली आहे. भाड्यानं आणलेला पलंग काल परत गेला आणि मधली खोली एकदम मोठी दिसायला लागली. मी रडत वगैरे बसलेली नाही, काळजी करू नकोस. शाळेची रजा सोमवारी संपते, तोवर कपाटं आवरतेय. तुझा निळा स्वेटर सापडला, पण त्याला कसर लागली आहे. त्याचं खापर माझ्यावर फोडशील म्हणून आधीच सांगून ठेवते.

अण्णा कसे आहेत असं तू रोज फोनवर विचारायचास आणि मी रोज 'बरं आहे' म्हणायचे. आता नीट सांगते. उपचार थांबवू, दुखणं तेवढं आटोक्यात ठेवू, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी त्यांना हुपरीहून उचगावला माझ्याकडे आणलं. संयोगिता नावाची नर्स आठवड्यातून दोनदा यायची. कूस कशी बदलायची, ओल्या कापसानं तोंड कसं पुसायचं, सगळं तिनंच शिकवलं. मॉर्फिनचं पातळ औषध दर चार तासांनी, दुखायला लागण्याची वाट न बघता द्यायचं, हे तिनं मला तीनदा बजावलं.

दर चार तासांनी म्हणजे रात्रीही, आणि तिथंच घोडं अडलं. आई गेली तेव्हापासून एकतीस वर्षं दिवस मावळल्यावर अण्णांच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता, हे तुला मी काय सांगायचं. स्वतःच्या पोरीच्या लग्नात रात्रीच्या पंगतीला उपाशी फिरलेला माणूस तो. औषधाला सूट असते, हवं तर मुनिमहाराजांना विचारू, असं मी म्हणून पाहिलं. सूटच घ्यायची तर नियम घेतला कशाला, असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. संयोगितानं अंगाला चिकटवायची औषधाची पट्टीही लावून पाहिली. त्यांच्या अंगावर मांसच उरलं नव्हतं, तिचा गुण येईना. मग दिवस असेतो शेवटचा डोस घ्यायचे आणि पुढची रात्र दात आवळून काढायचे. ओरडायचे नाहीत, चादरीचं टोक तोंडात धरायचे. सकाळी चादर बदलताना ते चावलेलं टोक माझ्या हाताला लागायचं. मला त्यांचा राग यायचा, खरंच सांगते. नियम त्यांचा होता, पण बघत मी बसले होते.

शेवटच्या नऊ दिवसांत मी एक गोष्ट केली. वारं लागतं असं सांगून त्यांचा पलंग मधल्या खोलीत हलवला. तिथं खिडकी नाही. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं आणि ट्यूबलाइट चोवीस तास चालू ठेवली. गुंगीत त्यांना वेळेचं भान नसायचं. चमचा पुढं केला की विचारायचे, दिवस हाय का अजून. मी म्हणायचे, हाय की अण्णा. मग ते तोंड उघडायचे. रात्री दहाला तेच आणि दोनलाही तेच. त्या दिवसांत चादर कोरी राहिली. खोटं बोलताना मला काही म्हणजे काही वाटलं नाही, त्याचंच नवल वाटलं.

जाण्याच्या आदल्या रात्री ते जरा सावध होते. मी चमचा घेऊन गेले तर त्यांनी काही विचारलं नाही. मग मीच आपणहून म्हणाले, अजून दिवस आहे. तसे ते म्हणाले,

"मंदिरातल्या सांजच्या आरतीची घंटा हितं चांगली ऐकू येती की. पैल्या दिवशीबी आलती. दे, आण हिकडं. मी निजलो की तुलाबी जरा पडाय मिळंल."

आणि त्यांनी तोंड उघडलं. मी औषध दिलं, ओठ पुसले, स्वयंपाकघरात गेले आणि तिथं फरशीवर बसून पोटभर रडले.

हे फोनवर सांगायला मला जमलं नसतं. पण सांगायला हवं होतं, कारण तिकडच्या रविवारच्या विनयांजली शोकसभेत वाचायला तू माझ्याकडे चार ओळी मागितल्या आहेस, अण्णांनी अखेरपर्यंत नियम कसा पाळला यावर. भेटायला आलेले सगळे हेच बोलत होते आणि मी चहा देत मान डोलावत होते. तू त्यांच्या चांदीच्या कामावर बोल, त्यांच्या रागावर बोल, हवं ते बोल. ते वाक्य मात्र बोलू नकोस. नियम त्यांनी मोडला, सगळं कळत असताना नऊ दिवस मोडला, आणि माझी झोप व्हावी म्हणून मोडला. आपले वडील माझ्यावर किती माया करत होते ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चार लोकांत त्यांचं नाव मोठं करायला तू ते पुसून टाकू नकोस.

तुझीच,
अक्का