तुतीखालची जागा

२९ ऑगस्ट

तंबू! माझ्या तुतीखाली तंबू!

पहाटे साडेपाचला धरणावर गेलो, नेहमीसारखा. मासे धरायची एक काठी, आमिषाला डबाभर उकडलेला मका, बुडाखाली घ्यायला जुनं घोंगडं. बघतो तर हिरवागार तंबू, बाजूला खाट, शेगडी, हात टेकायची खुर्ची. आणि मी स्वतः ठोकलेल्या फळीवर ओले मोजे वाळत घातलेले! माझ्या फळीवर – मोजे!

तंबूतून डोकं बाहेर आलं. बोरिल. सोफिया शहरातला. दोन वर्षांपूर्वी खालच्या आळीतलं शाळामास्तरांचं पडकं घर घेतलं, तो. संगणकावर काहीतरी करतो. काय ते त्यालाच ठाऊक.

"काका, जागा तुमची होती का? नाव काही लिहिलेलं दिसलं नाही."

नाव! अरे, एकेचाळीस वर्षं माझं बूड घासून ती फळी गुळगुळीत झालीय, ते वाचता येत नाही का तुला?

हे बोललो नाही. "बसा, बसा," म्हणालो. वर हसलोसुद्धा! घरात वाघ आणि बाहेर मांजर – दुसरं काय.

३० ऑगस्ट

राइना अंगणात मिरच्या भाजत होती. तिला सांगायला गेलो आणि चूक केली.

"तुती माझ्या बापाने लावली," म्हणाली. "फळी माझ्या बापाच्या गोठ्यातली. तू ग्लोगिनाहून आलास तेव्हा काय आणलंस? एक ट्रंक आणि खोकला."

ग्लोगिना टेकडीपलीकडे बारा किलोमीटर. बायको जणू मी चंद्रावरून आलो असं बोलते. घरजावयाच्या नशिबी हे असतंच. पहिली दहा वर्षं गावात मला नाव नव्हतं – 'राइनाचा' म्हणायचे. दारू पाजायचे आणि तोंडावर हसायचे. पण ते केव्हाच मागे पडलं. आता मी क्रुशोव दोलचा कुझमनदादा. मासेमारी मंडळाचा अठरा वर्षं सेक्रेटरी. अख्ख्या गावात माझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही. मी कुठून आलो हे गाव विसरलं, मीही विसरलो. लक्षात आहे ते फक्त राइनाच्या.

५ सप्टेंबर

बांधाच्या दगडांवर बसून सोफियाकरांची मजा बघितली. शनिवार म्हणून आज पाच जण होते.

आमिषाच्या गोळ्या – वास स्ट्रॉबेरीचा! त्या गोळ्या पाण्यात न्यायला एक छोटी होडी, ती काठावरून बटण दाबून चालवायची. मासा लागला की काठी टी-टी-टी ओरडते. मग साहेब खाटेवरून उठणार. म्हणजे माशाने यांना उठवायचं!

बोरिलला कार्प लागला. दहा किलोचा सहज. बाहेर काढला तो मऊ गादीवर ठेवला. वरून पाणी शिंपडलं. गळाची जखम झालेल्या ओठाला औषध लावलं. उचलून फोटो. मग – देवा रे – त्याचा मुका घेतला! आणि सोडून दिला पाण्यात! हळूच, पाळण्यात मूल ठेवावं तसा.

माझ्या शेजारी मंडळातला गान्चो बसला होता. दुखरा पाय पसरून. म्हणाला, "दहा किलो. कांदा, अक्रोड भरून भाजला असता तर सहा माणसं जेवली असती."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात राइनाने मला एवढ्या प्रेमाने कधी औषध लावलं नाही.

७ सप्टेंबर

परत बांधावरच. ऊन, शेवाळ, एक बेडूक. मासा नाही.

१२ सप्टेंबर

दुकानात बैठक. म्हणजे मी, गान्चो, अध्यक्ष मेतोदी, आणि द्राक्षाची दारू.

प्रश्न असा – धरण मंडळाच्या ताब्यात. नियम म्हणतो, 'गावच्या रहिवाशांनी मासे धरावेत.' आणि या सोफियाकरांनी घरं घेऊन पत्तेही इथलेच करून घेतलेत! सोफियाकरांची सात घरं, कागदावर सातही रहिवासी. महिन्यातून चार दिवस येतात, पण रहिवासी!

"कायद्याने काही करता येत नाही," मेतोदी म्हणाला. तो असंच म्हणतो. काही करायचं नसलं की कायदा काढतो.

"कसं येत नाही?" मी म्हटलं. "नियम मंडळाचा. बदलू. रहिवासी नाही – 'गावात जन्मलेला' लिहू. घर विकत मिळतं रे, जन्म विकत मिळतो का?"

मेतोदीने ग्लास खाली ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हसला. "कुझमनदादा, डोकं आहे हं तुला."

आहेच मुळी! गान्चोने मात्र काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मेतोदीने त्याचा ग्लास भरला.

१३ सप्टेंबर

मसुदा लिहिला. 'क्रुशोव दोल गावात जन्मलेल्या व्यक्तीसच धरणावर मासे धरण्याचा अधिकार राहील.' चार वेळा मोठ्याने वाचला. काय वाक्य आहे! छिन्नीने दगडावर कोरावं असं.

राइनाला वाचून दाखवणार होतो. ती मिरच्यांच्या चटणीचं पातेलं ढवळत होती. "आत्ता नाही, करपेल," म्हणाली.

२० सप्टेंबर

सभा! एकोणीस जुने सभासद, सगळे हजर. सोफियाकरांना अजून मत नाही, तीन वर्षं व्हावी लागतात. ते बाहेर ओट्यावर उभे, बोरिल हाताची घडी घालून.

मी उभा राहून बोललो. अर्धा तास बोललो! ज्याच्या आजाने हा बांध घातला त्याने दगडांवर बसायचं, आणि काल आलेल्याने तुतीखाली? आयत्या बिळावर नागोबा! ज्याची नाळ या मातीत पुरली त्याचं हे पाणी! टाळ्या. कुणीतरी "शाबास दादा" म्हणालं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

गान्चो मधेच उठला. "पण कुझमन, तू स्वतः—"

"सेक्रेटरी बोलतोय!" मेतोदी गरजला. "मधे बोलायचं नाही!"

एकोणीस विरुद्ध शून्य. माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. १ ऑक्टोबरपासून लागू. ग्रामकचेरीतली बाई जन्माची वही बघून यादी करणार, यादीतल्यांना कार्ड मिळणार.

बाहेर येताना बोरिलला म्हटलं, "आता तंबू सोफियात ठोका, तिथेही तळी असतील!" किती बरं वाटलं मला.

२१ सप्टेंबर

गान्चो दारात आला, टोपी काढून उभा राहिला, "जाऊ दे," म्हणाला आणि परत गेला. पाय दुखत असेल.

१ ऑक्टोबर

यादी लागली.

पहिल्यांदा वाटलं, चष्मा. पुसला. परत वाचलं, वरून खाली, मग खालून वर. मेतोदी आहे. गान्चो आहे. जर्मनीत जाऊन बसलेला त्याचा भाऊ आहे. दोन मेलेले आहेत – बाईने खोडायचे राहिले. राइना आहे! आयुष्यात काठीला हात लावला नाही, ती आहे!

मी नाही.

चौदाव्या नंबरवर बोरिल. बोरिल! कचेरीतली बाई म्हणाली, "त्याची आई इथलीच ना, वरच्या आळीतली. डुक्कर कापायला म्हणून माहेरी आली होती, बर्फाने रस्ता बंद झाला आणि इथेच बाळंत झाली. वहीत आहे." आणि मग माझ्याकडे न बघता, "तुमचं पान ग्लोगिनाच्या वहीत असेल, कुझमनदादा."

ग्लोगिना.

शपथेवर लिहितो, मला आठवलंच नाही! मसुदा चार वेळा वाचला, अर्धा तास भाषण केलं, नाळ मातीत पुरली म्हणालो – आणि एकदाही मनात आलं नाही की माझी नाळ बारा किलोमीटर पलीकडे पुरलीय. आपल्याच हाताने, आपल्याच सुंदर अक्षरात, आपल्याच पायावर धोंडा.

मेतोदीकडे गेलो. "तुला माहीत होतं!"

"सगळ्यांनाच माहीत होतं," तो म्हणाला. दोन्ही हात पसरले त्याने, पाद्रीबाबासारखे. "आम्हाला वाटलं, तुलाही माहीत आहे. म्हटलं, बघा, गावासाठी स्वतःचा हक्क सोडतोय, केवढं मोठं मन!"

मला सोडून अठरा जण. अठरा जणांनी टाळ्या वाजवल्या.

२ ऑक्टोबर

राइना हसली. डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून, चुलीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आणि चटणी करपेल म्हणून मी ऐकलं नाही!" म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं आणि एकदम थांबली.

जेवायला घेवड्याची भाजी केली, माझ्या आवडीची. जेवलो नाही. गोठ्यात जाऊन रडलो. बासष्ट वर्षांचा माणूस. लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

३ ऑक्टोबर

आता कळलं. सगळं कळलं!

बोरिलने तुतीखालचा तंबू कालच काढला, कुणी सांगितलं नसताना. आणि आज सकाळी तिथे कोण? मेतोदी. माझ्या फळीवर, खाली फुलाफुलांची उशी घेऊन. पाच काठ्या लावून! मला बघून हात हलवला. "बस ना दादा! बघायला बंदी नाही!"

याला ती जागा हवी होती. किती वर्षांपासून कोण जाणे. सोफियाकर तरी निदान माशाचा मुका घेतात!

७ ऑक्टोबर

बोरिल आला. हातात बिस्किटांचा डबा, चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"काका, आईचं गाव म्हणून घर घेतलं, पण मी स्वतः इथला आहे हे मलाच माहीत नव्हतं. आईने कधी सांगितलं नाही."

"अभिनंदन," मी म्हटलं.

"माझ्या काठ्या आहेत. तुम्ही शेजारी बसा, मी म्हणेन माझेच मासे."

म्हणजे इथे जन्मलेल्या सोफियाकराच्या मेहेरबानीने, ग्लोगिनाच्या कुझमनने, स्ट्रॉबेरीच्या गोळ्या टाकायच्या! दार लावून घेतलं त्याच्या तोंडावर. बिस्किटं राइनाने खिडकीतून घेतली. बरी होती.

१० ऑक्टोबर

ग्लोगिनाला गेलो. बसने. म्हटलं, इथला नाही तर तिथला तर असेन! नदीचा डोह आहे तिथे, गिरणीखाली, लहानपणी त्यात पोहायचो.

काठी टाकली. दहा मिनिटांत एक आडदांड माणूस आला. चाळिशीचा असेल.

"कुठले तुम्ही?"

"इथलाच! इथे जन्मलो."

"कुणाचे?"

"त्रायको कासाराचा मुलगा."

"कोण त्रायको?" मग त्याने काठीवरची मंडळाची चिकटपट्टी वाचली आणि त्याचा चेहरा फुलला. "क्रुशोव दोल! अहो, तुम्हीच ना ते, बाहेरच्यांना हाकलणारे? अख्ख्या तालुक्यात चर्चा आहे. छान नियम केलाय. आम्हीही तसाच करतोय." आणि बोट बसथांब्याकडे. "निघा आता."

नियम छान आहे म्हणाला. लिहिलाय कुणी ते सांगितलं नाही. बसमध्ये उभं राहून परत आलो. ना इथला, ना तिथला.

१५ ऑक्टोबर

आज सभेत जे झालं ते नीट लिहितो.

मी जाणार नव्हतो, पण सेक्रेटरी अजून मीच, टिपण कोण घेणार? वरून पत्र आलंय – प्रत्येक धरणाला राखणदार हवाच, महिनाअखेरपर्यंत, नाहीतर धरण मंडळाकडून काढून घेणार. अट एकच – राखणदाराने स्वतः तिथे मासे धरता कामा नयेत.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मासे सोडायला कोण तयार होणार? गान्चो म्हणाला, पाय. दुसरा म्हणाला, कंबर. मेतोदी म्हणाला, कायदा बघावा लागेल.

तेवढ्यात दारातून आवाज. राइना! हात अजून पिठाने माखलेले.

"बायकांना सभेत परवानगी नाही," मेतोदी म्हणाला.

"मी इथे जन्मलेय," राइना म्हणाली. "यादीत बघ, नववा नंबर. आणि माझ्या बापाच्या तुतीखाली उशी घालून बसतोस, तेव्हा तू गप्प बस." मग बाकीच्यांकडे वळली. "बारा महिने इथे राहणारा आणि मासे धरायला बंदी असलेला एकच माणूस आहे या गावात. तुम्हीच घातलीय. एकोणीस हातांनी. मग शोधताय कुणाला?"

गान्चोचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मान खाली, पण हात वर. मग एकेक करत बाकीचे. ओट्यावर उभा असलेला बोरिल आत डोकावला आणि मत नसतानाही त्याने हात वर केला.

मेतोदीचा सगळ्यांत शेवटी.

घरी येताना राइनाला म्हटलं, "मला विचारायचं तरी." ती म्हणाली, "मसुदा लिहिताना तू मला विचारलं होतंस?"

१६ ऑक्टोबर

शिट्टी मिळाली. दंडावर बांधायचा पट्टा मिळाला. नियमांचं पुस्तक मीच लिहिलेलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं – एका माणसाला तीन काठ्या, कार्ड जवळ हवंच, ओळखीपाळखीवर सूट नाही. अक्षर खरंच सुंदर आहे माझं.

१७ ऑक्टोबर

पहाटे सहा. तुतीखाली मेतोदी, पाच काठ्या. कार्ड मागितलं तर म्हणाला, घरी राहिलं. "अरे कुझमन, मला ओळखत नाहीस का?"

"नाही," म्हटलं. "मी बाहेरचा आहे. काठ्या गुंडाळा."