साडेतीनला सोडलेला दाब

३ तारीख, मंगळवार
नवी वही. रडगाणं बंद. सहावीनंतर शाळेने मला सोडलं, मी शाळेला नाही. भावजी म्हणाले होते, महिन्यात शेपूट घालून परत येशील. घर सोडून या हिऱ्यांच्या कारखान्यात आठ महिने झाले. शेपूट ताठ आहे.

५, गुरुवार
फोरमनला ठणकावलं. आठ महिने तुमचे हिरे ॲसिडमध्ये धुतोय, आता हिरे बनवायची प्रेस द्या. तो म्हणाला, एकदा देतो. हिरा निघाला तर ऑपरेटर, नाही तर पुन्हा धुलाई.
आईला लगेच फोन केला, ऑपरेटर झालो म्हणून. होणारच आहे. थोडं आधी सांगितलं, एवढंच.

७, शनिवार
डबीत हिऱ्याची कणी, ग्रॅफाइटची काळी पूड, धातूची चकती. सहा बाजूंनी सहा ठोकळे दाबतात. आत चौदाशे डिग्री. सहा दिवसांत हिरा.
भिंतीवर पाटी: आधी थंड करा, मग दाब सोडा. फोरमन म्हणतो, गरम असताना दाब गेला तर हिरा उलटा फिरतो, परत ग्रॅफाइट होतो. घाबरवतोय. जगातली सगळ्यात कठीण वस्तू अशी पलटी मारेल होय? ते काय आमचे भावजी आहेत?

१०, मंगळवार
प्रेसचे काटे जागचे हलत नाहीत. माझ्यासारखेच. घरी कळवलं, शुक्रवारी चारला व्हिडिओ कॉल, हिरा हातात घेऊन. भावजींनी समोरच बसायचं.

१३, शुक्रवार, दुपारी ३.३०
अजून तेराशे डिग्री! थंड व्हायला दोन तास. चारला कॉल. आई कुकर गरम असतानाच चमच्याने शिटी उचलते. बटाटे आजवर बटाटेच राहिलेत. फोरमन चहाला गेलाय. वॉल्व्ह सोडतो. कामाला डोकं लागतं, सर्टिफिकेट नाही.

४.३०
मशीन धाडकन वाजली. कुणाला लागलं नाही. डबीत काळा खडा. फोरमनने तो कागदावर घासला, रेघ उमटली. म्हणाला, घ्या साहेब, आता शाळा पुरी करा.
कॉल उचलला. भावजी म्हणाले, दाखव की! मी म्हटलं, नेटवर्क नाही. आई म्हणाली, राहू दे रे, तू दिसतोयस ना.

१४, शनिवार
धुलाईत. चूक माझी नाही, पूडच हलकी होती. हार मानणारा मी नव्हे. पुढच्या वेळी सव्वातीनला सोडेन.
पेन संपलं. खडा फोरमनने परत मागितला नाही, त्यानेच लिहितोय. छान उमटतो.